फटी बुजवल्या, आता श्वास कुठून घ्यायचा?

कॅनडात रेजायना नावाचं शहर आहे. हिवाळ्यात तिथला पारा शून्याखाली 30 अंशांपर्यंत उतरतो. आणि याच शहरात 1977 साली एक घर बांधलं गेलं, ज्यात घर तापवणारी भट्टीच नव्हती! जाडजूड भिंती, त्यात ऊब धरून ठेवणारा थर, आणि फट तर शोधूनही सापडू नये. उन्हाची, दिव्यांची, माणसांच्या अंगाची, सगळी ऊब आतच राहायची.

पण थांबा. ऊब अडली तशी हवाही अडली की! आपण सोडलेल्या श्वासात साधारण 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभर पट. त्यात आंघोळीची वाफ आणि स्वयंपाकाचा धूर. हे सगळं साचलं की घर कोंदटतं, भिंतींना बुरशी धरते. आपण सरळ खिडकी उघडतो. रेजायनात उघडली, तर जपलेली ऊब भुर्रकन बाहेर!

यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. गरम दुधाचं भांडं गार पाण्यात ठेवलं की दूध निवतं आणि पाणी कोमट होतं, पण दुधात पाणी मिसळत नाही. त्या घरात एक पेटी बसवली होती, तिच्यात हवेचं तसंच व्हायचं. आतली उबदार, शिळी हवा बाहेर जायची, बाहेरची गार, ताजी हवा आत यायची, आणि मध्ये पातळ पडदे. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत, ऊब मात्र पडदा ओलांडते. आजची चांगली यंत्रं बाहेर निघालेल्या उबेपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त ऊब परत आणतात.

पुढे अमेरिकेच्या 2012 सालच्या आदर्श ऊर्जा नियमावलीत दोन्ही गोष्टी आल्या: घर घट्ट बांधा आणि यंत्राने हवा खेळती ठेवा. घट्टपणाची चक्क परीक्षा होते. दाराच्या चौकटीत कापड ताणून त्यात मोठा पंखा बसवतात. पंखा आतली हवा बाहेर ओढतो आणि जिथे जिथे फट असेल तिथून वारा सूं सूं करत आत घुसतो. त्या 2012 च्या नियमावलीप्रमाणे थंड प्रदेशात या परीक्षेत घरातली हवा तासाला 3 वेळांहून जास्त बदलली, की घर नापास!

आणि ताजी हवा किती हवी? त्याचं गणित ॲश्रे या अभियंत्यांच्या संस्थेने मांडलंय. घराच्या चौरस फुटांना 0.03 ने गुणा. झोपायच्या खोल्या मोजा, त्यात 1 मिळवा आणि 7.5 ने गुणा. हा 1 कशाला? पहिल्या खोलीत दोन माणसं झोपतात असं धरलंय म्हणून! दोन्ही आकड्यांची बेरीज म्हणजे दर मिनिटाला लागणारे घनफूट. 2000 चौरस फूट आणि 3 खोल्या असतील तर 60 अधिक 30, म्हणजे 90. लिटरमध्ये सांगायचं तर मिनिटाला अडीच हजार!

घ्या वही. तुमच्या घराचे चौरस फूट आई-बाबांना विचारा आणि काढा बरं उत्तर.