मोटारसायकलची ट्यूब आणि व्हॉल्व्हची निवड

धुळ्याहून इंदूरकडे जाणारा मुंबई-आग्रा मार्ग शिरपूर सोडल्यावर बिजासन घाट चढतो, सेंधव्यावरून पुढे खलघाट येथे नर्मदा ओलांडतो आणि मानपूरजवळ विंध्याचा चढ चढून माळव्याच्या पठारावर येतो. होळकरांच्या काळापासून इंदूर येथे अनेक मराठी कुटुंबे स्थायिक झालेली असल्यामुळे लग्नकार्ये, सणवार व व्यापार यांनिमित्त या मार्गावर नित्य ये-जा असते. मोटारसायकलवरून दोघे सामानासह घाट उतरत असताना चाकातील हवा एकाएकी निघून गेली, तर तोल सावरण्यास क्षणाचाही अवधी मिळत नाही. अशा प्रसंगास नेहमी खिळाच कारणीभूत असतो असे नाही. पुष्कळदा ट्यूब तिच्या व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलेली असते.

अलीकडे अनेक दुचाकींना ट्यूबविरहित टायर असतात. तथापि तारांच्या सामान्य चाकात प्रत्येक तारेसाठी रिमला छिद्र असल्याने हवा कोंडून धरण्यास ट्यूब आवश्यकच ठरते. ट्यूबला जोडलेली व्हॉल्व्हची नळी रिमच्या छिद्रातून बाहेर येते. टायरमध्ये हवा कमी असल्यास ब्रेक लावताना टायर रिमवर किंचित सरकतो व आपल्याबरोबर ट्यूबलाही ओढतो. नळी मात्र छिद्रात अडकलेली असते. परिणामी ती तिरपी होते आणि सर्व ताण तिच्या मुळाशी येतो. नळी कललेली दिसणे हा धोक्याचा पहिला इशारा होय.

नळीचे तीन प्रकार प्रामुख्याने आढळतात. तारांच्या चाकांसाठी सुमारे ८ मिलिमीटर जाडीची, आटे असलेली सरळ धातूची नळी वापरतात. रबराचे आवरण असलेली जाड नळी मोठ्या छिद्राच्या रिमसाठी असते. स्कूटरचे चाक लहान असून पंप लावण्यास जागा अपुरी पडते, म्हणून तेथे वाकडी नळी योजतात. बारीक नळी मोठ्या छिद्रात बसविल्यास ती हलत राहते व छिद्राची कड रबर कापते. जाड नळीसाठी कानशीने छिद्र मोठे करणेही तितकेच घातक आहे. यास्तव दुकानात जाताना जुनी ट्यूब सोबत न्यावी.

ट्यूबचे माप टायरच्या बाजूवर छापलेले असते. २.७५-१८ याचा अर्थ टायरची रुंदी २.७५ इंच व रिमचा व्यास १८ इंच असा होतो. मोठी ट्यूब आत दुमडते व त्या घडीवर झिजते. लहान ट्यूब ताणून पातळ होते. वापराने ट्यूब ताणलेली असते, म्हणून नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालू नये.

ट्यूब बसविण्यापूर्वी टायरच्या आतून हात फिरवून काटा अथवा तारेचा तुकडा राहिला नाही ना, हे पाहावे. तारांची टोके झाकणारी रबरी पट्टी जागेवर असावी. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिला आकार आल्यावरच ती आत सरकवावी. टायरची शेवटची कड टॉमीने चढविण्यापूर्वी नळी आत दाबून पाहावी, म्हणजे ट्यूब कडेखाली चिमटत नाही. नळीवरील नट पान्याने आवळू नये. तो सैल ठेवल्यास टायर सरकल्याचे नळीच्या कलण्यावरून ध्यानी येते.

व्हॉल्व्हच्या टोकाशी साबणाचे पाणी लावून बुडबुडे आल्यास आतील पिन बदलावी. टोपी अवश्य लावावी, कारण ती धूळ व चिखल यांना अटकाव करते. पंक्चरला ठिगळ लावता येते. परंतु मुळाशी फाटलेल्या ट्यूबवर ठिगळ टिकत नाही. ती बदलणे हाच उपाय होय.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये. प्रवासास निघण्यापूर्वी ही नक्षी पाहावी, टायर थंड असताना उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे हवा भरावी आणि दोन्ही चाकांच्या नळ्या सरळ आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. या तपासणीस पाच मिनिटे पुरतात. घाटात मात्र ती सवड मिळत नाही.