मिलिटरी छाप्याचा माल : आधी उलटा करून पाहा

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे जुन्या कपड्यांची एक गाठ आली. मंठ्यात थंडीच्या दिवसांत अशा जाकिटांना गिऱ्हाईक चांगले. रात्री पिकाला पाणी द्यायला जाणारा शेतकरी जाड, जास्त खिशांचे आणि मळ न दिसणारे जाकीट मागतो. गाठ सोडली तर मिलिटरी छाप्याचे बावीस नग निघाले. वरून सगळे एकसारखेच. आम्ही ते एकेक उलटे केले, तेव्हा त्यांचे तीन ढीग झाले.

पहिला ढीग साध्या बाजारू मालाचा. छापा फक्त वरच्या अंगाला, शिलाई एकेरी, बटण ओढले की दोरा निघतो. यात पाहण्यासारखे काही नाही. भाव लावावा आणि विकावे.

दुसरा ढीग परदेशी फौजांच्या उतरलेल्या मालाचा. येथे बारीक नजर लागते. नाटो देशांच्या फौजी कपड्याला आतून चिठ्ठी असते आणि तिच्यावर तेरा आकडी नंबर असतो. सुरुवातीला ८४१५ किंवा ८४०५ असेल तर तो कपड्यांचा वर्ग. पुढचे दोन आकडे देशाचे : १२ म्हणजे जर्मनी, ९९ म्हणजे ब्रिटन, ०० किंवा ०१ म्हणजे अमेरिका. चिठ्ठी फाटलेली असेल तर छापा वाचावा. जर्मन छापा निव्वळ ठिपक्यांचा, पाच रंगांचा. ब्रिटिश छापा कुंचल्याने फटकारे मारल्यासारखा. अमेरिकेचा १९८१ पासूनचा जुना छापा मोठ्या डागांचा, त्यात काळ्या फांद्या. राखाडी-हिरव्या बारीक चौकटींचा अमेरिकन छापा तेथील लष्कराने २०१९ पर्यंत पूर्ण बंद केला.

एका नगावर चक्क लाल डाग होते. फौजी कपड्यात लाल रंग कसा? आम्हाला तो नाटक कंपनीचा वाटला. पण कापड दणकट, खिसे भरपूर, शिलाई दुहेरी. तो निघाला स्वित्झर्लंडच्या फौजेचा, १९९० च्या दशकापर्यंत चाललेला जुना छापा. असे नग जमवणारे शौकीन असतात. चिंधीच्या भावात गेला असता तर नुकसान आमचेच होते.

(उर्दू शाळेत आम्ही 'खाक' म्हणजे माती असे शिकलो. फौजेची खाकी त्याच शब्दातून आली, तीही १८४० च्या दशकात आपल्याच वायव्य सरहद्दीवरच्या पलटणीतून. मातीत मिसळून जाण्याची ही कल्पना तेव्हापासूनची.)

तिसऱ्या ढिगात एकच नग होता, आणि घाम त्यानेच फोडला. कापडाच्या छाप्यातच बारीक आडव्या तलवारी आणि इंग्रजीत 'इंडियन आर्मी' ही अक्षरे. अशी खूण असलेले कापड आपल्या लष्कराचे. नवा चौकटींचा गणवेश तर १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी प्रथम दिसला. तो दिल्लीच्या निफ्ट संस्थेच्या मदतीने तयार झाला आणि त्याच वर्षी लष्कराने त्याच्या डिझाइनची नोंदणी करून घेतली. दहा वर्षे हक्क त्यांचा, पुढे आणखी पाच वर्षे वाढवता येतो. म्हणजे हुबेहूब तो छापा छापणे किंवा विकणे हा नुसता नकली मालाचा प्रश्न राहिलेला नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटचे हल्लेखोर लष्करी वेषात आले होते. त्यानंतर लष्करासारखे कपडे विकू नयेत, घालू नयेत, असे आवाहन लष्करानेच केले होते. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी असा वेष घालणाऱ्याला, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते.

नेमका तोच नग ओळखीच्या एका मुलाने मागितला. भरतीसाठी रोज पहाटे धावतो. म्हणाला, "चाचा, दुप्पट देतो, पण हाच द्या." आम्ही नाही म्हणालो. पोरगा हिरमुसला.

नग आम्ही पोलीस ठाण्यात नेऊन दिला. साहेबांनी विचारले, गाठ कोणाकडून घेतली? आमच्याजवळ निघाली एक कच्ची चिठ्ठी, नाव नाही, शिक्का नाही. तीस वर्षे धंदा करून ही गत! दोन तास बाकावर बसून एकच उत्तर पुन्हा पुन्हा द्यावे लागले. कसूर आमचाच होता. तेव्हापासून पक्क्या बिलाशिवाय गाठ उतरवून घेत नाही, मग भाव कितीही किफायतीचा असो.

त्या मुलाला साधे हिरवे जाकीट खरेदीच्या भावात दिले. बाह्या थोड्या लांब होत्या, त्या दुकानातच मशीनवर कमी करून दिल्या.