ई-इनव्हॉइस स्वीकारताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत ई-इनव्हॉइस म्हणजे संगणकावर छापलेले किंवा व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून आलेले बिल, हा सर्वांत रुळलेला गैरसमज आहे. सरकारी पोर्टलवर जाऊन बनवलेले बिल ही त्याचीच दुसरी बाजू. प्रत्यक्षात पुरवठादार नेहमीप्रमाणे आपल्याच टॅलीत किंवा अन्य प्रणालीत बिल करतो आणि त्याचा तपशील ठरलेल्या साच्यातील जेसन फाइलने इनव्हॉइस नोंदणी पोर्टलकडे पाठवतो. पोर्टल तो तपासून ६४ अक्षरी संदर्भ क्रमांक देते, त्यावर स्वतःची डिजिटल सही करते आणि क्यूआर कोडसह नोंद परत पाठवते. या क्रमांकालाच व्यवहारात आयआरएन म्हणतात. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक व प्रकार आणि आर्थिक वर्ष यांवरून तो तयार होत असल्याने एकाच बिलाची दोनदा नोंद होऊ शकत नाही.

ही सक्ती टप्प्याटप्प्याने आली. १ ऑक्टोबर २०२० रोजी ती ५०० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना लागू झाली. मग मर्यादा १००, ५०, २० आणि १० कोटींवर आली. १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटी आहे. २०१७-१८ पासूनच्या कोणत्याही एका वर्षी पॅनवरील एकूण उलाढाल या मर्यादेपुढे गेली की पुढे ती घटली तरी बंधन सुटत नाही.

मात्र मोजायची असते ती बिल देणाऱ्याची उलाढाल. बिल घेणारा किती मोठा, याचा येथे संबंध नाही आणि नेमकी इथेच गफलत होते. वेरूळच्या लेण्यांजवळ शीतपेये व बिस्किटे विकणारा दुकानदार स्वतः लहान असतो, पण त्याला माल देणारा छत्रपती संभाजीनगरचा वितरक ५ कोटींच्या वर असेल तर बिलावर आयआरएन हवाच. उलट वाळूज औद्योगिक वसाहतीतील शेकडो कोटींच्या कारखान्याला दोन कोटींच्या वर्कशॉपकडून सुटे भाग आले, तर ते बिल आयआरएनशिवायही पूर्ण वैध असते. असे बिल केवळ क्यूआर नाही म्हणून अडवून ठेवणे म्हणजे लहान पुरवठादाराचे पैसे विनाकारण रोखणे होय. आणखी एक अट आहे : देशांतर्गत विक्रीत खरेदीदार नोंदणीकृत असला पाहिजे. त्याने आपला जीएसटी क्रमांक दिलाच नाही तर ते साधे ग्राहक-बिल ठरते आणि त्यावर आयआरएन येत नाही. घृष्णेश्वराच्या दर्शनाला आलेल्या यात्रेकरूच्या लॉजच्या बिलावर तो नसतो, तो याच कारणाने.

बिलावरचा प्रत्येक क्यूआर कोड ई-इनव्हॉइसचा असतो, असेही नाही. यूपीआयचा क्यूआर पैसे घेण्यासाठी असतो. ई-इनव्हॉइसच्या क्यूआरमध्ये दोन्ही पक्षांचे जीएसटी क्रमांक, बिलाचा क्रमांक व तारीख, एकूण रक्कम, बिलातील बाबींची संख्या, मुख्य वस्तूचा एचएसएन कोड आणि आयआरएन असतो. त्यावर पोर्टलची सही असल्यामुळे तो जीएसटी नेटवर्कच्या पडताळणी ॲपने तपासता येतो. साध्या कॅमेऱ्यात नुसती अगम्य अक्षरे दिसतात. ॲपमधली रक्कम आणि कागदावरची रक्कम वेगळी आली तर कागदात फेरफार झाला आहे हे उघड होते. पुरवठादाराच्या छापील सहीने हे काम कधीच झाले नसते.

नोंद झाली की पोर्टल बिल आपोआप खरेदीदाराकडे पोहोचवते, अशीही समजूत आढळते. इटलीत ती खरी आहे : १ जानेवारी २०१९ पासून तेथे व्यवसायांमधील बिले सरकारी विनिमय प्रणालीतूनच खरेदीदाराला मिळतात. भारतात नोंद पुरवठादाराकडे परत येते आणि बिल पोहोचवण्याची जबाबदारी त्याचीच राहते. खरेदीदाराला ई-इनव्हॉइस पोर्टलवर आपल्या नावे झालेली बिले पाहण्याची व जेसन रूपात उतरवून घेण्याची सोय आहे, पण ती आयआरएन मिळाल्यापासून सहा महिन्यांपुरती. तिचा उपयोग फार थोडे करतात. वास्तविक न मागवलेल्या मालाचे बिल आपल्या क्रमांकावर कोणी फाडले असेल, तर ते लवकर कळण्याचा हा चांगला मार्ग आहे.

आयआरएन आहे म्हणजे बिल बरोबर, हा गैरसमज सर्वांत महागात पडतो. पोर्टल साचा तपासते : जीएसटी क्रमांक अस्तित्वात आहे का, एचएसएन योग्य आहे का, बेरीज जुळते का. ट्रकमध्ये ५०० नग होते की ४८०, दर ऑर्डरप्रमाणे लावला की जास्त, माल तपासणीत उतरला की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. ते काम कारखान्याच्या गेटवर, स्टोअरमध्ये आणि अकाउंट्स विभागातच होते. गेटवर नोंद होते, स्टोअर प्रत्यक्ष माल मोजून मालप्राप्तीची नोंद म्हणजे जीआरएन करते, मग परचेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल हे तिन्ही समोर ठेवून बिल पास होते. वाळूजमध्ये १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे आणि वाहनांचे सुटे भाग बनवणारे असंख्य उद्योग तेथे उभे राहिले आहेत. अशा साखळीत तोच भाग रोज अनेक खेपांत येतो आणि एका चुकीच्या दराची पुनरावृत्ती महिनाभर होत राहते. जेसनमधील माहिती थेट प्रणालीत घेतली तर हाताने टंकण्यातील चुका टळतात. ऑर्डरशी ताळा मात्र घालावाच लागतो.

तफावत सापडली तर पोर्टलवरील बिल दुरुस्त होत नाही. आयआरएन मिळाल्यापासून २४ तासांत पुरवठादार पूर्ण बिल रद्द करू शकतो. अर्धे बिल रद्द होत नाही, रद्द बिलाचा क्रमांक पुन्हा वापरता येत नाही आणि मालवाहतुकीचे चालू ई-वे बिल असेल तर आधी ते रद्द करावे लागते. २४ तासांनंतर उरतो क्रेडिट नोटचा मार्ग. कमी आलेल्या मालासाठी खरेदीदार आपल्या वहीत डेबिट नोट टाकतो, पण पुरवठादाराचा कर कमी होतो तो त्याने स्वतः काढलेल्या क्रेडिट नोटनेच, आणि ई-इनव्हॉइसच्या कक्षेतील पुरवठादाराला त्या नोटवरही आयआरएन घ्यावा लागतो. डेबिट नोट पाठवली म्हणजे हिशेब मिटला, असे धरून चालणाऱ्यांचा वर्षअखेरीस ताळा जुळत नाही.

इनपुट क्रेडिटच्या बाबतीतही आयआरएन ही हमी नव्हे. वैध बिल हाती असणे, माल किंवा सेवा प्रत्यक्ष मिळणे, पुरवठादाराने ते बिल जीएसटीआर-१ मध्ये दाखवणे, ते खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये उतरणे आणि कर शासनाकडे भरला जाणे, या सर्व अटी पाळाव्या लागतात. पुरवठादाराने त्या बिलाच्या कालावधीचे जीएसटीआर-३बी, क्रेडिट घेतलेले वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत भरले नाही, तर घेतलेले क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत परत करावे लागते. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत तरी क्रेडिट परत करावे लागते. पैसे चुकते केल्यावर ते पुन्हा घेता येते. १४ ऑक्टोबर २०२४ पासून जीएसटी पोर्टलवर इनव्हॉइस व्यवस्थापन प्रणालीही आहे. तीत खरेदीदार बिल स्वीकारू शकतो, नाकारू शकतो किंवा प्रलंबित ठेवू शकतो. काहीच केले नाही तर बिल प्रलंबित राहते, हा समज चुकीचा आहे. ते स्वीकारले गेले असे धरले जाते.

क्रेडिट सर्वांनाच मिळते असेही नाही. वेरूळ-खुलताबाद भागातील साधी उपाहारगृहे ५ टक्के दराने कर भरतात आणि त्या दरात क्रेडिट नसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाड्याच्या खोल्यांनाही हीच रीत लागू झाली. तरीही खर्चाचा पुरावा आणि देण्याचा आधार म्हणून त्यांनी खरेदीचे बिल जपायलाच हवे.

आयआरएन नसलेले प्रत्येक बिल खोटे असते, हा उलट टोकाचा गैरसमज. बँका, विमा कंपन्या, माल वाहतूक एजन्सी, प्रवासी वाहतूकदार, बहुपडदा चित्रपटगृहे, सेझमधील युनिट आणि शासकीय विभाग यांना उलाढाल कितीही असो, सूट आहे. मर्यादेवरच्या अशा पुरवठादाराने बिलावर तसे घोषणापत्र लिहायचे असते. सूट नसताना आयआरएन घेतला नाही, तर नियम ४८(५) नुसार तो कागद बिलच मानला जात नाही आणि खरेदीदाराचे क्रेडिट अडचणीत येते. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्यावरील उलाढालीच्या पुरवठादारांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत नोंद करावी लागते. त्यानंतर पोर्टल ते बिल घेतच नाही. त्यामुळे जुन्या तारखेचे बिल उशिरा हाती आले तर त्यावरील आयआरएन आधी पाहावा.

ई-इनव्हॉइस असला की ई-वे बिल लागत नाही, हेही खरे नाही. महाराष्ट्राच्या हद्दीत १ लाख रुपयांवरील मालाच्या वाहतुकीस ते साधारणपणे लागतेच. रस्त्यात तपासणी झाली तर छापील बिलाऐवजी आयआरएन असलेला क्यूआर मोबाइलवर दाखवता येतो. नोंदी मात्र संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवणे हे व्यावसायिकाचे स्वतःचे काम आहे; पोर्टल ते त्याच्यासाठी करत नाही.