शिकाऊ परिचारिका ही आधी विद्यार्थिनी

रुग्णालयात भरती झालेल्या माणसाजवळ डॉक्टर राऊंडपुरते येतात. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र सलाईन बघणे, इंजेक्शनची वेळ सांभाळणे, ताप-नाडीची नोंद ठेवणे, रोगी एकाएकी खालावला तर ते आधी ओळखणे, हे सारे सिस्टरांवर असते. तरीही ‘नर्सला एवढे शिकून काय करायचे? हात चालला म्हणजे झाले’ असे आपण सहज बोलून जातो. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही असेच बोलत. त्याला जे उत्तर मिळाले त्यातून येल विद्यापीठाचे नर्सिंग स्कूल उभे राहिले.

त्या काळी तिकडे नर्सिंगची शाळा रुग्णालयच चालवी. मुली घ्यायच्या, राहणे-जेवण द्यायचे आणि त्या बदल्यात वॉर्डातले काम करून घ्यायचे. शिकवणे उरल्या वेळात. रोगी वाढले की तास रद्द! जिथे माणसे कमी, त्या वॉर्डात मुलींना जुंपायचे. मग एखाद्या आजाराचा रोगी तिने पाहिलाच नाही, तरी कोणी विचारत नसे. रुग्णालयाला हे स्वस्तात पडे. तोटा रोग्याचा होई, कारण अर्धवट शिकलेल्या हातात त्याचा जीव असे.

१९१९ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून या शिक्षणाची चौकशी करणारी समिती बसली. अध्यक्ष होते येलमधले सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक विन्स्लो. पाहणी जोसेफिन गोल्डमार्क या बाईंनी केली. त्या स्वतः नर्स नव्हत्या. कामगारांचे तास आणि थकवा हा त्यांचा अभ्यासाचा विषय, तेव्हा राबवून घेणे कशाला म्हणतात हे त्यांना चटकन दिसले असावे. रुग्णालयाची गरज आणि मुलींचे शिक्षण यांच्या ओढाताणीत शिक्षणच मागे पडते, असे १९२३ च्या अहवालाने दाखवून दिले.

त्याच वर्षी न्यू हेवन शहरात येलचे नर्सिंग स्कूल सुरू झाले, तेही रॉकफेलरच्या मदतीने. (ज्याच्यावरून या विद्यापीठाला नाव पडले तो एलिहू येल एके काळी मद्रासला ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर होता.) डीन म्हणून अ‍ॅनी गुडरिच आल्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराचे नर्सिंग स्कूल त्यांनी चालवले होते. येलमध्ये डीनच्या खुर्चीत बसलेली ही पहिली स्त्री. त्या विद्यापीठाच्या पदवी कॉलेजात मुलींना प्रवेश मिळाला तो १९६९ साली, यावरून काय ते समजावे.

नवे काय होते? शाळेचा डीन वेगळा, शिक्षक वेगळे, पदवी विद्यापीठाची, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पैशाची तरतूद वेगळी. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. ज्याच्या हातात पैसा, तोच मुलीचा दिवस कसा जायचा ते ठरवतो. १९२९ साली रॉकफेलरने दहा लाख डॉलर कायम ठेव म्हणून दिले आणि स्कूलचे पाय रोवले गेले. १९३४ पासून तर आधीची पदवी असेल तरच प्रवेश, असा नियम झाला.

पुढे सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. नर्स घडवणे हे विद्यापीठाचे काम नव्हे, असे म्हणणारे येलमध्येही होते. १९५६ साली नव्या मुलींचा मूळ अभ्यासक्रम बंद करण्याचे ठरले आणि आधीच नर्स असलेल्यांचे उच्च शिक्षण तेवढे उरले. इतर विषयांच्या पदवीधरांना पुन्हा दार उघडले ते १९७४ साली.

पण याच अडचणीच्या काळात तिथे एक मोठे काम सुरू झाले. फ्लॉरेन्स वॉल्ड तेव्हा डीन होत्या. १९६३ साली लंडनच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स येलला आल्या आणि बरे न होणाऱ्या रोग्याच्या वेदना कशा आवरता येतात यावर बोलल्या. वॉल्डबाईंनी ते इतके मनावर घेतले की पुढे डीनपद सोडले, लंडनला जाऊन ते काम पाहिले आणि १९७४ साली कनेक्टिकटमध्ये अमेरिकेतला पहिला हॉस्पिस सहकाऱ्यांसह सुरू केला. आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना आश्रम १९८६ साली निघाला. तो भारतातला पहिला हॉस्पिस.

नर्सिंगची पदवी आपल्या देशात १९४६ साली आली, दिल्ली आणि वेल्लोरला. त्याच वर्षीच्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचे नर्सिंग कॉलेज १९६४ साली सुरू झाले. आता जिल्ह्याजिल्ह्यांत नर्सिंगच्या पाट्या दिसतात. म्हणून मुलीचा प्रवेश घेणाऱ्या पालकांनी फीबरोबर आणखी थोडी चौकशी करावी. मान्यता आहे का, शिकवणारे शिक्षक किती, मुली कोणत्या रुग्णालयात शिकायला जातात, तिथे पुरेसे रोगी असतात का, आणि रात्रपाळी लागली तर दुसऱ्या दिवशीच्या तासांचे काय होते, हे विचारावे. शेवटचा प्रश्न कार्यालयात विचारू नये. तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलीलाच विचारावा.