चैत्र-वैशाखातली समुद्रपाखरे

आम्हां बेळगावकरांचे समुद्राशी नाते म्हणजे उन्हाळी सुटीपुरते. आंबोलीचा घाट उतरावा, सावंतवाडी मागे टाकावी आणि वेंगुर्ल्याच्या वाटेवर वारा खारट लागू लागला की एस.टी.च्या खिडकीशी भांडणे सुरू व्हावीत, हे ज्यांचे आजोळ तळकोकणात त्यांना सांगायला नको. पण तो समुद्र आम्ही पाहिला तो नेहमी वाळूत उभे राहून. त्याच्या आत काही असेल तर ते मासे, आणि पलीकडे असेल तर अरबस्तान, एवढेच आमचे भूगोलाचे ज्ञान.

१९६९ सालच्या जूनमधली गोष्ट सांगते. मी नऊ वर्षांची होते. सुटीच्या अखेरीस मला गोवर निघाला आणि आईने परतीचा बेत पुढे ढकलला. त्यामुळे एरवी कधी न पाहिलेला पावसाच्या तोंडचा समुद्र त्या वर्षी पाहायला मिळाला. एका रात्री वादळाने झोडपून काढले. सकाळी उघडीप होताच आजोबांचे बोट धरून मी किनाऱ्यावर गेले. भरतीने टाकलेल्या करवंट्या, दोराचे तुकडे आणि शेवाळ यांच्या पसाऱ्यात एक पाखरू मरून पडले होते. पाठ मातकट काळी, पोट पांढरे, चोचीपासून डोळ्यावरून मागे गेलेली काळी रेघ आणि तिच्यावर पांढरी भुवई. बोटांमध्ये बदकासारखे पडदे होते. "आजोबा, हे कुठलं?" मी विचारले. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले. "लांबचं असणार, बाळ. आपल्याकडे असलं पाखरू नाही," असे म्हणून त्यांनी काठीने वाळू उकरली आणि ते परदेशी पाहुणे आम्ही दोघांनी पुरले.

ही आठवण पुन्हा निघाली ती माझ्या भाच्यामुळे. तो गोव्यात नोकरीला असतो आणि सुटीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण अडकवून हिंडतो. एका वैशाखात फोनवर म्हणाला, "मावशी, रविवारी आम्ही होडी ठरवली आहे. मासे पकडायला नव्हे, पक्षी बघायला. एक जागा आहे, येतेस?" घरात अर्थातच विरोध झाला. गुडघे, रक्तदाब आणि वय या तिन्हींचा उच्चार झाला. मी सुंठेची पूड आणि आवळासुपारी बांधून घेतली आणि निघाले.

समुद्रपक्षी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदरावर कलकलाट करणारे कुरव येतात. ते खरे पाहता किनाऱ्याचे रहिवासी. रात्री विसाव्याला जमिनीवर येतात, कोळ्यांच्या उष्ट्यावर जगतात. भर समुद्रातली पाखरे वेगळी. अंडी घालायला जमीन हवी म्हणून ती बेटांवर उतरतात. बाकी सारे आयुष्य पाण्यावर काढतात. समुद्राचे खारे पाणीच ती पितात. डोळ्यांच्या वरच्या बाजूला असलेल्या ग्रंथी रक्तातले जादा मीठ वेगळे काढतात आणि ते थेंबाथेंबाने नाकावाटे बाहेर पडते. क्नुट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे प्रयोगाने दाखवून दिले. ज्या पाण्याचा एक घोट आपल्याला ओकारी आणतो, त्यावर ही पाखरे पिढ्यान्‌पिढ्या संसार करतात.

त्यांना पाहायला चैत्र-वैशाखच का? एक कारण व्यवहाराचे. या दिवसांत वारा मवाळ असतो, लहान होडी दूरवर नेता येते. मे सरत आला की लाटा उंचावतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीच्या बंदीमुळे होड्या धक्क्याला बांधलेल्या असतात. दक्षिणेकडून येणारी पाखरे खरी गर्दी करतात ती पावसाळ्यातच. पण तेव्हा त्यांना पाहायला कोणी जाऊ शकत नाही. म्हणूनच आपल्या देशात या पाखरांची माहिती फार वर्षे वादळाने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या मेलेल्या किंवा मरणासन्न पक्ष्यांवरूनच प्रामुख्याने मिळत राहिली. शेजाऱ्याची ओळख त्याच्या तिरडीवरून करून घेण्यासारखेच हे. मुद्दाम होड्या ठरवून केलेल्या सफरी अलीकडच्या.

दुसरे कारण मात्र मनाला भुरळ घालणारे आहे. हा काळ अदलाबदलीचा. उत्तर ध्रुवाजवळचे पक्षी आपल्या समुद्रात थंडी काढून विणीसाठी घरी परतत असतात, आणि त्याच सुमारास दक्षिण गोलार्धातले पक्षी आपली वीण आटोपून, तिकडच्या हिवाळ्याला पाठ देऊन वर येत असतात. दोन ध्रुवांकडचे प्रवासी एकाच पाण्यावर भेटतात, आणि त्या पाण्यापासून पणजीचे चहाचे दुकान सकाळच्या एका फेरीच्या अंतरावर असते!

पहाटे पाचला मालिमच्या धक्क्यावरून आम्ही निघालो. आम्ही आठ जण, दोन खलाशी आणि तांडेल. तांडेल साठीच्या घरातले. मला त्यांनी सुकाणूच्या मागे, मध्यावर बसविले आणि नजर क्षितिजावर ठेवा, पायाशी पाहू नका, असे बजावले. उजवीकडे आग्वादचा किल्ला आणि डावीकडे काबोचे भूशिर मागे पडले तसा होडीचा चालीचा डौल बदलला. सुंठ कामी आली, पण पुरती नव्हे. पहिले दोन तास मी एकाही पक्ष्याकडे पाहिले नाही हे प्रांजळपणे सांगते. पाहण्यासारखे फारसे नव्हतेही. किनारा बुडाला, पाणी हिरव्याचे निळे झाले, आणि तांडेलांनी सांगितले की खाली वीस वाव पाणी आहे.

मग एकदम गडबड उडाली. पुढे पाणी उकळल्यासारखे दिसत होते. खालून मोठ्या माशांनी बारीक मासळीचा थवा वर रेटला होता आणि त्यावर तीसचाळीस सुरय सूर मारीत होते. सुरय म्हणजे इंग्रजीत ज्यांना टर्न म्हणतात ते. लांब पंखांचे, टोकदार चोचीचे. तांडेलांचे डोळे पक्ष्यांवर नव्हते, पाण्यावर होते. सुरय दिसला की खाली मासळी आहे हे दुर्बिणीवाल्यांच्या आधीपासून कोळ्यांना ठाऊक आहे.

त्या गर्दीत एक दांडगा काळसर पक्षी घुसला. स्वतः मासा न धरता त्याने एका सुरयाचा पाठलाग मांडला. वर, खाली, गिरक्या घेत, जणू वाटमारीच. अखेर सुरयाने चोचीतला मासा टाकला आणि त्या दरवडेखोराने तो पाण्याला टेकण्याआधीच उचलला. हा पोमराइन स्कुआ. शेपटीची मधली पिसे डावासारखी पिळलेली. हा आता उत्तर ध्रुवाकडच्या ओसाड टुंड्रा प्रदेशात जाणार आणि तेथे लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी मारून पिल्ले वाढवणार. समुद्रात चोर, जमिनीवर शिकारी, अशी याची दुहेरी गृहस्थी.

दहाच्या सुमारास तांडेलांनी यंत्र बंद केले. खलाशाने आदल्या दिवशीच्या माशांची आतडी आणि तेल यांची बादली पाण्यात थोडी थोडी ओतायला सुरुवात केली. वास असा, की माझी उरलीसुरली सुंठही हरली. पण हा खटाटोप वासासाठीच होता. बहुतेक पक्षी डोळ्यांवर जगतात; पेट्रेल वर्गातले पक्षी नाकावर. चोचीवर त्यांना नळीसारख्या नाकपुड्या असतात, आणि वाऱ्यावरून आलेल्या वासाचा माग काढीत ते कोसभर दूरच्या अन्नापर्यंत पोचतात. वीस मिनिटे काहीच झाले नाही. मग तेलाच्या तवंगावर, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, पाकोळीएवढी तीन काळी पाखरे आली. शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. ती बसली नाहीत, सूर मारला नाही. पंख वर धरून, लांब पाय खाली सोडून ती पाण्यावर चक्क पावले टाकीत होती. पाण्यावर चालणाऱ्या संत पीटरवरून यांना पेट्रेल नाव पडले असे म्हणतात. विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल हा. वजन सुमारे चाळीस ग्रॅम, आणि जन्मभूमी अंटार्क्टिका व तिच्या भोवतालची बेटे. चार मोठे चमचे साखरेइतके हे पाखरू बर्फाच्या खंडापासून गोव्यापर्यंत येते. माझी मळमळ कुठे गेली ते मला कळले नाही.

परतताना एक फ्लेश-फुटेड शिअरवॉटर लाटांना पंखांची टोके घासत निघून गेला. हा ऑस्ट्रेलियाकडच्या बेटांवरचा. तिथल्या लॉर्ड हाऊ बेटावर याच्या पिल्लांच्या पोटांतून अभ्यासकांनी प्लॅस्टिकचे तुकडे काढले आहेत. आईबापच ते अन्न समजून भरवतात. आमच्या होडीशेजारूनही दूधपिशव्या, चपला, थर्मोकोलचे ठोकळे वाहत जात होतेच. त्या कचऱ्यात एक फळी होती, आणि फळीवर एक पाखरू उभे होते.

मातकट काळी पाठ. पांढरे पोट. डोळ्यावरून गेलेली काळी रेघ आणि तिच्यावर पांढरी भुवई.

"ब्रायडल्ड टर्न," भाचा म्हणाला. चोचीपासूनची ती रेघ लगामासारखी दिसते म्हणून हे नाव. आणि तरंगत्या लाकडावर असे बसणे ही याची सवयच आहे. मी विचारले, "कुठून येतो रे हा?" तो हसला. "हा कुठून यायचा? मावशी, हा तुझ्या आजोळचा. वेंगुर्ल्याच्या खडकांवर घरटी करतो."

वेंगुर्ल्याचे खडक म्हणजे निवतीसमोर भर समुद्रात उभे असलेले, दीपगृह असलेले ते बेटांचे झुबके. स्वच्छ दिवशी आजोबा मला ते बोटाने दाखवीत. ॲलन ह्यूम १८७५च्या फेब्रुवारीत लक्षद्वीपच्या सफरीत तेथे गेले होते आणि सुरयांच्या गेल्या हंगामातील विणीच्या खुणा त्यांनी पाहिल्या. पुढे हुमायून अब्दुलअली यांनी तेथील सुरय आणि गुहांत लाळेची घरटी बांधणाऱ्या पाकोळ्या यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९४० आणि १९४२ साली लिहिले. त्या पाकोळ्यांची घरटी परदेशी सारासाठी चोरली गेली, हे दुःख वेगळे. म्हणजे माझ्या जन्माआधीच हे सारे छापून झालेले होते. आम्ही मात्र घरासमोरच्या शेजाऱ्याला परका समजून पुरले. आजोबांची चूक म्हणवत नाही. हा पक्षी खडकावरून उडतो तो थेट खोल पाण्याकडे. वाळूत उभे राहणाऱ्याला तो जिवंत दिसणार तरी कसा?

मी भाच्याला ती जुनी हकिगत सांगितली. तो एकदम गंभीर झाला आणि मोबाइलवर नोंदी घेता घेता विचारू लागला: पाठीचा रंग, शेपटीचा आकार, आणि तारीख. "जून १९६९," मी म्हटले. "दिवस?" दिवस आठवेना. तारीख असती तर नोंद करता आली असती, असे तो हळहळून म्हणाला. जुन्या काळच्या नोंदी आधीच थोड्या.

आईला रोजच्या जमाखर्चाची वही लिहायची सवय होती. एस.टी.चे तिकीट, औषध, नारळ, सगळे त्यात तारखेनिशी असे. आम्ही वादळानंतर दुसऱ्याच दिवशी परतलो हे मला पक्के आठवते. बेळगावला पोचताच मी मुलाकरवी माळा उतरवला. १९६८ची वही सापडली आणि १९७०चीही सापडली. मधली अजून शोधते आहे.