शिफारशीची किंमत

मिक्सर घ्यायचा ठरला, की हल्ली आपण आधी इंटरनेटवर माहिती शोधतो. ‘घरासाठी उत्तम पाच मिक्सर’ असा एखादा लेख किंवा व्हिडिओ सापडतो. त्याखाली थेट दुकानात नेणारी लिंक असते. ती दाबून आपण मिक्सर मागवतो. या व्यवहारात शिफारस करणाऱ्यालाही पैसे मिळतात, हे मात्र अनेकांच्या गावीही नसते.

दलाली आपल्याला नवी नाही. बाजार समितीतला अडत्या माल विकला गेला की आपली अडत घेतो. पण तो समोर बसलेला असतो. इथला मध्यस्थ दिसत नाही. अॅमेझॉनने १९९६ साली, ती केवळ पुस्तके विकत होती तेव्हाच, अशी योजना सुरू केली. पुढे असंख्य दुकानांनी ही पद्धत उचलली.

ती चालते कशी? शिफारस करणाऱ्याला दुकान एक सांकेतिक खूण देते. ती लिंकच्या पत्त्यात जोडलेली असते. तुम्ही लिंक दाबली, की ‘कुकी’ नावाची छोटीशी नोंद तुमच्या ब्राउझरमध्ये ठेवली जाते. अॅमेझॉनकडे ती साधारणपणे २४ तास धरली जाते. त्या वेळात तुम्ही मिक्सर सोडून दुसरेच काही घेतलेत, तरी बहुधा कमिशन मिळते. दोन-तीन ठिकाणच्या लिंक दाबल्या असतील, तर सहसा शेवटच्याला. वस्तू परत केली, तर कमिशनही जाते. समजा, मिक्सर ४,००० रुपयांचा आणि दर ५ टक्के. तर त्याला २०० रुपये मिळतील. ते दुकान देते, लिंकमुळे तुमचे बिल वाढत नाही.

मग बिघडले कुठे? माझ्या मते, गोम अशी की ‘हा घ्या’ म्हणणाऱ्याला पैसे मिळतात, ‘सध्या घेऊच नका, जुनाच दुरुस्त करा’ म्हणणाऱ्याला काहीच नाही. प्रामाणिक माणसाचा सल्लाही मग नकळत एका बाजूला झुकू शकतो. तुमचे पैसे जातात ते तिथे.

म्हणूनच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरात करणाऱ्याने असे आर्थिक संबंध उघड करायचे असतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाख, पुढे ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मी स्वतः एक पथ्य पाळतो. शिफारस वाचताना त्यात वस्तूचे दोष सांगितले आहेत का, ते आधी पाहतो. एकही दोष नसेल, तर तो सल्ला नव्हे, विक्री समजतो. आणि ज्याने कमिशनची गोष्ट उघडपणे सांगून उपयोगी माहिती दिली, त्याची लिंक आनंदाने दाबतो. कष्टाचा मोबदला घेण्यात गैर काही नाही. तो लपवण्यात आहे.