ताज की लॉज?

सकाळी मुंबईत इंटरव्ह्यू आहे, मुक्काम एकाच रात्रीचा. कुठे उतराल? माझा हिशेब सरळ आहे. खोलीत नुसतं झोपायचंच असेल, तर फोर्टमधलं साधं हॉटेल बेस्ट! सीएसएमटी आणि चर्चगेट, दोन्ही जवळ. स्वच्छ चादर, गरम पाणी, दाराची कडी, एवढं तपासा. शिवाय सप्टेंबर २०२५पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या भाड्यावर जीएसटी ५ टक्के, त्यापुढे थेट १८!

मग १९०३ सालचं ताज? सी लाउंजमध्ये समुद्र बघत चहा प्यायला मुक्काम लागत नाही. वाचलेले पैसे मात्र बाजूला ठेवा. आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली, की त्यांच्यासाठी तिथलीच रूम बुक करा. तेव्हा कंजुसी नको, बॉस!